त्यांच्या नावाचं पान

माझ्या माहेरी सर्वपित्री अमावस्येला एक पान जास्तीचं वाढलं जायचं. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांच्या मागे करणारं कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांसाठी हा दिवस, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडचं ते जास्तीचं पान आजीच्या धाकट्या भावाचं होतं. तरुणपणी तो मुंबईला गिरणीत काम मिळतंय का बघायला गेला, तो परत आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. आजीनं वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिली आणि मग एका वर्षी माझ्या वडिलांना म्हणाली, ‘तुझ्या मामाचंही पान वाढ रे.’

एका अमावस्येला आजीच्या माहेरचे एक चुलतभाऊ जेवायला होते. पान बघून म्हणाले, ‘हे कुणाचं? असा कुणी नव्हताच.’ आणि त्यांनी ते पान हातानं बाजूला सारलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आजी त्या दिवशी जेवली नाही. रात्री आईला म्हणाली, ‘गेला, ते दुःख मी गिळलं गं. पण नव्हताच म्हणतात, ते कसं गिळू?’ पुढे कळत्या वयात समजलं, की माहेरच्या जमिनीच्या वाटण्या त्या भावाचं नाव वगळून झाल्या होत्या. तो ‘होता’ म्हटलं, की त्याचा वाटाही होता असं म्हणावं लागलं असतं!

ही गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. भाचीच्या एका फोनमुळे ती पुन्हा आठवली.

भाची फ्रान्समध्ये लिऑं शहरात शिकते. शहराच्या अगदी मध्यावर, बेलकूर नावाच्या मोठ्या चौकाला लागून एक छोटा चौक आहे. तिथे पांढऱ्या खांबांचं एक स्मारक आहे. ती रोज त्याच्या बाजूनं जायची. काहीतरी शोभेचं असेल म्हणून कधी थांबली नव्हती. मग एका २४ एप्रिलला तिथे फुलं दिसली, गर्दी दिसली, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या बायका दिसल्या. वर्गातल्या एका मुलीनं तिला सांगितलं, ‘हे आमचं आहे. आर्मेनियन लोकांचं. आमच्या पणजीचं गावच राहिलं नाही, तर तिच्या आईबापांची थडगी कुठून असणार? म्हणून आम्ही इथे येतो.’ आणि पुढे म्हणाली, ‘हे स्मारक पूर्ण होतंय तोच कुणीतरी रात्रीतून त्यावर लिहून गेलं होतं, की वंशसंहार झालाच नाही.’

भाचीनं विचारलं, ‘मावशी, दगडावर कसला राग काढतात गं लोक?’ तिला फोनवर उत्तर देता आलं नाही. म्हणून आज हे लिहितेय.

आधी आर्मेनियन लोक कोण ते बघू या. तुमच्यापैकी कुणी मुंबईत फोर्ट भागात हिंडलं असेल, तर तिथे आर्मेनियन लोकांचं जुनं चर्च आहे. व्यापाराच्या निमित्तानं हे लोक शेकडो वर्षांपूर्वी सुरत, मुंबई, मद्रास, कोलकात्यापर्यंत पोचले होते. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक तर १७९४ साली मद्रासमध्ये छापलं गेलं. पण त्यांचं मूळ घर पश्चिम आशियात. आजच्या तुर्कस्तानाच्या पूर्व भागात त्यांची गावंच्या गावं होती. तेव्हा तिथे ऑटोमन साम्राज्य होतं. राज्यकर्ते मुसलमान, हे ख्रिस्ती. पण शेजारी म्हणून पिढ्यान् पिढ्या राहत आलेले.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारनं ठरवलं, की हे लोक शत्रूला, म्हणजे रशियाला, सामील आहेत. २४ एप्रिल १९१५ ला आजच्या इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, संपादक, वकील, डॉक्टर अशा दोनशेहून अधिक लोकांना पकडायला सुरुवात झाली. त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. त्या यादीत एकच बाई होती, लेखिका झाबेल येसायान. ती लपली आणि देशाबाहेर निसटली. नंतर गावोगावी तेच. आधी पुरुषांना वेगळं काढून मारलं. मग बायका, पोरं, म्हाताऱ्यांना चालवत नेलं, सीरियाच्या वाळवंटाकडे, देर अल-झोरकडे. अन्न नाही, पाणी नाही. वाटेत लूट, बलात्कार, कत्तली. किती मेले याचे अंदाज वेगवेगळे आहेत. बरेच इतिहासकार दहा लाखांच्या आसपास सांगतात, आर्मेनियन लोक पंधरा लाख म्हणतात.

बायकांच्या वाट्याला काय आलं, ते वेगळं सांगायला हवं. हजारो मुली वाटेतून उचलल्या गेल्या. कुणाला मोलकरीण केलं, कुणाला बायको. नाव बदललं, धर्म बदलला. कुणाच्या चेहऱ्यावर त्या टोळीच्या पद्धतीचं गोंदण आलं, ते मरेपर्यंत गेलं नाही. कारेन येप्पे नावाच्या एका डॅनिश बाईनं युद्धानंतर अलेप्पो शहरात अशा बायका-मुलांसाठी निवारा चालवला. हजाराहून अधिक जणांना तिनं सोडवून आणलं. आणि लेबनॉनमधल्या गझीर गावच्या अनाथालयात वाचलेल्या मुली गालिचे विणायला शिकल्या. त्यांनी चाळीस लाखांहून अधिक गाठींचा एक भला मोठा गालिचा विणला आणि १९२५ मध्ये मदतीबद्दल आभार म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवला. विणकाम करणाऱ्या मैत्रिणींनो, चाळीस लाख गाठी! मला तर वाटतं, पहिलं स्मारक तेच. दगडाचं नाही, लोकरीचं.

बाकीचे देशोधडीला लागले. कुणी बैरूतला, कुणी अमेरिकेत, कुणी मार्सेय बंदरात उतरून फ्रान्समध्ये. लिऑंजवळच्या देसीन गावात कृत्रिम रेशमाचा कारखाना होता, तिथे कामाला माणसं हवी होती. हे लोक तिथे राहिले. दिवसभर कारखाना, रात्री मुलांना भाषा शिकवायची, आणि तोंडातून झालेल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या पिढीला पोट भरायचं होतं. रडायला सवड मिळाली ती मुलांना आणि नातवंडांना. म्हणून ही परदेशातली स्मारकं बघा, बहुतेक पन्नास वर्षं उलटल्यावरची आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेबेलो इथलं १९६८ चं, देसीनचं १९७२ चं, लिऑंच्या चौकातलं २००६ चं.

त्यांना जन्मगावी जाऊन दिवा लावता येत नव्हता. घरं दुसऱ्याची झालेली, चर्चं ओस पडलेली, कबरी नाहीतच. त्या पंधरा लाखांची तिथी कुणाला माहीत? म्हणून सगळ्यांची मिळून एकच तिथी धरली, २४ एप्रिल. आपली सर्वपित्री अमावस्या मला आठवली ती यामुळेच.

आता हल्ल्यांकडे येते. लिऑंच्या स्मारकाला विरोध म्हणून मार्च २००६ मध्ये तिथे तुर्की लोकांचा मोठा मोर्चा निघाला. मोर्चा काढणं हा लोकशाहीतला हक्क, त्याबद्दल तक्रार नाही. पण एप्रिलमध्ये उद्घाटनाला काही दिवस असताना रात्री कुणीतरी स्मारकावर वंशसंहार नाकारणारा मजकूर रंगवला. नोव्हेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात, कार्डिफ शहरात एक छोटं दगडी स्मारक उभं राहिलं. तीन महिनेही झाले नाहीत तोच, २७ जानेवारी २००८ ला पहाटे कुणीतरी त्यावरचा कोरीव क्रूस हातोड्यानं फोडला. हातोडा तिथेच टाकून गेले. आणि दिवस कोणता, तर ज्यूंच्या संहाराचा स्मृतिदिन!

सीरियातल्या देर अल-झोरमध्ये, जिथे ते तांडे संपले, तिथेच आर्मेनियन लोकांनी एक स्मारक-चर्च बांधलं होतं. १९९१ साली ते खुलं झालं. वाळवंटात सापडलेली हाडं तिथे जपून ठेवली होती. २१ सप्टेंबर २०१४ ला ‘इस्लामिक स्टेट’च्या लोकांनी ते स्फोटानं उडवलं. ज्यांना एकदा मारलं, त्यांची हाडंही सुखानं राहू दिली नाहीत.

आणि देसीन. २०२० च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाख या प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात युद्ध पेटलं. तुर्कस्तान अझरबैजानच्या बाजूनं. युद्ध हजारो किलोमीटर लांब, पण ठिणग्या फ्रान्समध्ये पडल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस देसीनच्या रस्त्यावरून तुर्की तरुणांचा जमाव आर्मेनियन लोकांना शोधत फिरला. बायकांनी घरांची दारं लावून घेतली. त्यानंतर १ नोव्हेंबरला सकाळी लोकांना दिसलं, की स्मारकावर आणि शेजारच्या स्मृती केंद्राच्या भिंतीवर पिवळ्या रंगात लिहिलंय. तुर्कस्तानच्या अध्यक्षांच्या नावाची आद्याक्षरं आणि ‘करडे लांडगे’ या कडव्या तुर्की राष्ट्रवादी संघटनेचं नाव. चारच दिवसांत, ४ नोव्हेंबरला, फ्रान्स सरकारनं त्या संघटनेवर बंदी घातली.

पुतळ्यांची विटंबना आपल्याला नवी नाही. आपल्याकडेही रात्री कुणीतरी काहीतरी करतं आणि सकाळी गाव बंद होतं, शाळेत गेलेली पोरं कशी परत आणायची म्हणून आपला जीव टांगणीला. पण एक फरक आहे. ज्यांचा पुतळा, ते होऊन गेले हे कुणी नाकारत नाही. इथे नेमकं तेच नाकारायचं असतं. काळं फासणं म्हणजे अपमान. हा हातोडा म्हणतो, की तुमची माणसं अशी मेलीच नाहीत.

तुर्कस्तानच्या सरकारचं म्हणणं काय, तेही न्यायानं सांगायला हवं. ते म्हणतात, युद्धाचा काळ होता, दोन्हीकडची माणसं मेली, लोकांना हलवावं लागलं. पण एक जमात संपवण्याचा बेत नव्हता, म्हणून ‘वंशसंहार’ हा शब्द चुकीचा. एप्रिल २०१४ मध्ये एर्दोगान पंतप्रधान असताना त्यांनी मेलेल्यांच्या नातवंडांबद्दल सहानुभूतीही व्यक्त केली. पण शब्द मानला नाही. या विषयाचे बहुसंख्य अभ्यासक मात्र वंशसंहारच म्हणतात. गंमत म्हणजे, गंमत कसली, दैव म्हणा, हा शब्द १९४४ मध्ये ज्यांनी घडवला, ते राफाएल लेमकिन हे पोलंडचे ज्यू वकील. असा वेगळा गुन्हा कायद्यात हवा हे त्यांच्या मनानं घेतलं, त्यामागे तरुणपणी वाचलेली आर्मेनियन लोकांची हकिगत होती. फ्रान्सनं २००१ मध्ये, जर्मनीच्या संसदेनं २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२१ मध्ये हा शब्द अधिकृतपणे वापरला.

एका शब्दाला एवढं घाबरायचं कारण काय? मला पुन्हा आजीच्या माहेरची जमीन आठवते. १९१५ मध्ये लोकांना हाकलल्यावर त्यांची घरं, शेतं, दुकानं यांना ‘सोडून दिलेली मालमत्ता’ असं नाव देऊन कायदे केले गेले. घराला कुलूप लावून सैनिकांच्या पहाऱ्यात निघालेल्या बाईनं घर ‘सोडून दिलं’ म्हणे! एकदा ‘झालं’ म्हटलं, की पुढचे प्रश्न येतात. कुणी केलं? माल कुणाकडे गेला? ज्यांना आपण देश घडवणारे म्हणतो, त्यांतल्या काहींचे हात कसे होते? त्यापेक्षा ‘असं कुणी नव्हतंच’ हे सोपं.

म्हणून हातोडा दर वेळी रात्रीच येतो असंही नाही. दिवसाउजेडी, कागदावरूनही येतो. जिनिव्हा शहरात या संहाराच्या आठवणीसाठी दिव्याच्या खांबांचं एक स्मारक ठरलं होतं, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीजवळच्या बागेत. तुर्कस्तानचा विरोध, स्विस सरकारची नाराजी, यात वर्षं गेली. शेवटी २०१८ मध्ये ते उभं राहिलं, पण दुसऱ्या बागेत. खुद्द तुर्कस्तानात कार्स शहरात एका तुर्की शिल्पकारानं दोन्ही समाजांच्या मैत्रीसाठी भव्य शिल्प उभं केलं होतं. सत्तेतल्या मोठ्या माणसाला ते कुरूप वाटलं आणि २०११ मध्ये ते पाडलं गेलं. सरकारच असं वागलं, तर फ्रान्समध्ये जन्मलेल्या, तुर्कस्तान फक्त सुट्टीत पाहिलेल्या विशीतल्या पोराला रंगाचा डबा उचलणं म्हणजे देशसेवाच वाटणार. तोही परक्या देशात आलेल्या मजुराचाच नातू असतो, आणि आपल्या मुळांशी नातं सांगायला त्याला हा एवढाच मार्ग कुणीतरी दाखवलेला असतो. मला त्याचा राग येतो, आणि वाईटही वाटतं.

पण ‘तुर्की लोक असेच’ असं म्हणून हा लेख संपवला, तर मीही तोच हातोडा उचलल्यासारखं होईल. फेतिये चेतिन या तुर्की वकीलबाईंची गोष्ट ऐका. त्यांची आजी सेहेर, गावातली सोज्वळ मुसलमान म्हातारी. नात मोठी झाल्यावर आजीनं एक दिवस तिला जवळ बसवून सांगितलं, की माझं नाव हेरानुश होतं. मी आर्मेनियन आहे. त्या तांड्यातून एका शिपायानं मला आईच्या हातातून ओढून नेलं आणि वाढवलं. फेतियेबाईंना मग लहानपणीचं काही उमगलं. ठरावीक दिवसांत गावातल्या काही घरांत एक गोड पाव भाजला जायचा आणि त्या बायका एकमेकींकडे जायच्या. तो ईस्टरचा पाव होता! नाव गेलं, धर्म गेला, भाषा गेली; हातातली पाककृती तेवढी राहिली. हे सगळं त्यांनी २००४ मध्ये पुस्तकात लिहिलं, तुर्की भाषेत, तुर्की वाचकांसाठी. त्यानंतर कितीतरी तुर्की घरांतून ‘आमचीही आजी...’ असे आवाज येऊ लागले.

इस्तंबूलमधले आर्मेनियन संपादक ह्रांट डिंक हेच काम लेखणीनं करत होते. १९ जानेवारी २००७ ला त्यांना कार्यालयाबाहेर गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला लाखभर माणसं लोटली, त्यांत बहुसंख्य तुर्कीच, आणि हातांत फलक होते, ‘आम्ही सारे आर्मेनियन’. डिंक कुटुंबाचा खटला लढवायला उभ्या राहिल्या त्या या फेतियेबाई. एका आजीनं तोंड उघडलं, त्याचं हे फळ.

आणखी एक गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियात ग्लेंडेल नावाचं शहर आहे, तिथे आर्मेनियन लोकांची मोठी वस्ती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यानं ज्या कोरियन आणि इतर मुलींना लैंगिक गुलाम केलं, त्यांच्या आठवणीसाठी तिथल्या कोरियन लोकांना एक पुतळा बसवायचा होता. खुर्चीवर बसलेली एक मुलगी आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. जपानकडून विरोध झाला. पण नगर परिषदेतल्या आर्मेनियन वंशाच्या सदस्यांनी बाजू घेतली. आपलं दुःख नाकारलं जाणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं. जुलै २०१३ मध्ये पुतळा बसला. तो काढावा म्हणून झालेला खटला अगदी वरच्या कोर्टाच्या दारापर्यंत जाऊन २०१७ मध्ये संपला. पुतळा जागेवर राहिला.

तुम्ही म्हणाल, ‘शंभर वर्षांपूर्वीचं कशाला उकरून काढायचं? त्यानं वैरच वाढतं.’ मलाही हा प्रश्न पडतो. खरंच, आठवणीचा उपयोग सूड उगवायलाही होतो. आर्मेनियन लोकांच्या एका पिढीतल्या काही तरुणांनी १९७५ नंतर तुर्की राजनैतिक अधिकाऱ्यांचे खून पाडले होते. ते चूकच होतं. पण म्हणून आठवणच सोडा, हा सल्ला आपण कुणाला देतो बघा. ज्याच्या घरचं गेलं त्यालाच! घेणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की बाबा, ‘झालं’ एवढं तरी कबूल कर. घरातल्या भांडणातही आपण हेच करतो ना? ‘जाऊ दे, विसर’ हे सांगायचं सुनेला.

माझं मत विचाराल तर, पहारे आणि बंदी लागतातच. पण देसीनच्या भिंतीवरचा रंग पुसून निघाला तरी रंगवणाऱ्याच्या शाळेत आणि घरात काय सांगितलं जातं, ते बंदीनं बदलत नाही. ते बदललं तर एखाद्या फेतियेबाईंच्या पुस्तकानं बदलेल, मान्य करणाऱ्या सरकारानं बदलेल. तोपर्यंत ज्यांची माणसं गेली, त्यांनी फुटलेला क्रूस पुन्हा जोडायचा आणि २४ एप्रिलला तिथे यायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक पुन्हा घरदार सोडून निघाले. म्हणजे ‘जुनं’ म्हणावं इतकं ते जुनं झालेलंच नाही.

आजीच्या त्या पानाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षीच्या अमावस्येला आईनं कुणाला न विचारता ते वाढलं. चुलत आजोबा त्या वर्षीही जेवायला होते. त्यांनी पानाकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, खाली मान घालून जेवले. आजी गेली, आई थकली. आता आमच्या घरी ते पान मी वाढते. मुलगा विचारतो, ‘हे कुणाचं गं?’ आणि मी दर वर्षी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगते.

भाचीला मी कळवलंय, की येत्या २४ एप्रिलला त्या मैत्रिणीबरोबर जा. माझ्याकडूनही एक फूल ठेव.